शिवराई हातात आली तर: खरी-खोटी कशी ओळखायची, कंडिशन कशी बघायची

आमच्या आज्जीच्या देवघरात एका तांब्याच्या डबीत तीन शिवराया होत्या. मी नववीला असताना दिवाळीच्या आधी सगळी भांडी घासायला काढली तेव्हा त्या पण चिंच-मीठ लावून लख्ख केल्या, आज्जी खुश, मी पण खुश. पुढं काही वर्षांनी परभणीला एका जुन्या संग्राहक काकांना त्या दाखवल्या तर ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, "बाळा, हिची कातडी काढलीस रे तू." तेव्हापासून हा विषय मी मनावर घेतला. आता गावाकडची लोकं फोटो पाठवतात, भाऊ हे खरं आहे का, किती येतील, महाराजांच्या काळातलं आहे का. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहितोय, जरा लांब होईल पण शांतपणे वाचा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. शिवराई म्हणजे तांब्याचा पैसा, एका बाजूला तीन ओळीत श्री / राजा / शिव आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळीत छत्र / पति. १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हापासूनची ही नाणी. पण नाण्यावर शिव लिहिलंय म्हणजे ते महाराजांच्या हयातीतलंच आहे असं बिलकुल नाही. तोच मजकूर पुढं छत्रपतींच्या गादीच्या नावानं चालू राहिला, पेशवाईत ठिकठिकाणच्या टाकसाळीत तशीच नाणी पाडली गेली, १८१८ ला पेशवाई गेली तरी लोकांच्या हातात शिवराईच होती. म्हणजे आज घराघरात जी निघते त्यातली बहुतेक नंतरच्या काळातली असते, आणि ती पण खरीच असते. "खरी" आणि "महाराजांच्या काळातली" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, विकणारे लोक ते मुद्दाम एकत्र करतात.

आपल्या मराठवाड्यात निजामाचं राज्य असून शिवराई कुठून आली असं पण लोक विचारतात. अहो पैसा सरहद्द मानत नाही. १७६० ला उदगीरला निजामाचा पराभव झाला, दौलताबादचा किल्ला मराठ्यांकडं आला, चौथाई होती, बाजार होते, यात्रा होत्या, व्यापारी इकडून तिकडं जायचे. म्हणून एकाच गाडग्यात निजामाचे पैसे आणि शिवराया सोबत निघतात.

काय काय सामान लागतं

फार नाही. सराफाकडं असतं तसं दहा पट मोठं दाखवणारं भिंग, पॉइंट शून्य एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, जाडी-व्यास मोजायला व्हर्नियर, एक लोहचुंबक, एक छोटी टॉर्च, काचेचा ग्लास आणि शिवणाचा दोरा. चुंबक एवढ्यासाठी की लोखंडावर तांब्याचा मुलामा दिलेलं असलं तर ते लगेच चिकटतं. नाही चिकटलं म्हणून खरं ठरत नाही, फक्त एक शंका कमी होते.

आणि नाणं हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. धुवायचं नाही, अंगठ्यानं चोळायचं नाही, लिंबू, चिंच, राख, भांड्याची पावडर काहीच नाही. धरायचं ते कडेनं धरायचं. जसं आलं तसं दोन्ही बाजूचे आणि कडेचे फोटो काढून ठेवा, कडेचे फोटो कुणीच काढत नाही पण पुढं तेच कामाला येतात.

वजन आणि माप

चांगली पूर्ण वजनाची जुनी शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या मधे भरते. अर्धी शिवराई वेगळी असते, ती निम्म्याच्या आसपास. ज्या शिवराईवर छत्र आणि पति यांच्या मधे दोन आडव्या रेघा असतात तिला दुदांडी म्हणतात, ती उशिराच्या काळातली आणि बहुतेक वेळा वजनाला हलकी असते. म्हणून विकणारा जर दुदांडी दाखवून "रायगडची आहे साहेब" म्हणत असेल तर तिथंच समजून घ्या, माणूस एकतर अडाणी आहे नाहीतर लबाड आहे.

हातानं पाडलेल्या नाण्यात वजन कमीजास्त असणारच, त्यामुळं अर्धा-पाऊण ग्रॅमचा फरक काही वाईट नाही. उलट दहा नाणी मोजली आणि दहाच्या दहा एकाच वजनाची निघाली तर मला भीती वाटते. व्यास पण तसाच, माझ्याकडच्या एका शिवराईचा एका बाजूनं २१ मिलिमीटर येतो आणि दुसऱ्या बाजूनं २० सुद्धा येत नाही, कारण ती गोल नाहीच, बटाट्याच्या कापासारखी आहे. जाड मात्र असते ही नाणी, साडेतीन-चार मिलिमीटर सहज. पातळ, चकतीसारखी गरगरीत गोल शिवराई दिसली की थांबा.

पाण्यातलं वजन

हे घरी करता येतं आणि खूप उपयोगी आहे. आधी नाण्याचं कोरडं वजन लिहून घ्या. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा, नाण्याला दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा, तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही, दोरा हातात किंवा वरच्या काडीला. आता काटा जो आकडा दाखवतोय तो नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरडं वजन भागिले हा आकडा. समजा कोरडं वजन ११.६० आणि पाण्यातला आकडा १.३१ आला, तर उत्तर येतं ८.८५, म्हणजे नाण्याचा धातू पाण्याच्या एवढ्या पट जड. शुद्ध तांब्याचं ८.९६ असतं, जुन्या खड्डे पडलेल्या नाण्याचं त्याच्याखाली थोडं येतं, ८.७ ते ८.९ आलं तर मला चालतं. पितळ ८.४ ते ८.७ च्या मधे असतं, जस्त ७.१, शिसं ११.३. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो म्हणून पाणी उकळून गार केलेलं घ्या आणि तीन वेळा मोजून सरासरी काढा. मळाची जाड पुटं असतील तरी उत्तर कमी येतं.

आता नीट लक्षात घ्या, खोटी शिवराई करणारा खरं तांबंच वापरतो, तांबं काही महाग नाही. त्यामुळं या परीक्षेत फक्त पितळेची आणि जस्ताची भेसळ सापडते, तांब्यातून ओतलेली नकल आरामात पास होते. तिला पकडायचं तर पुढचं बघावं लागतं.

पाडलेलं का ओतलेलं

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. खरी शिवराई ठोकून पाडलेली असते. तांब्याचे मोजून तुकडे करायचे, ठोकून चपटे करायचे, खालच्या आणि वरच्या ठशाच्या मधे ठेवायचं आणि वरून घणाचा घाव. घावाखाली धातू सरकतो, अक्षराच्या पोकळीत शिरतो, कडेकडं पळतो. ओतलेल्या नकलेत असं काही होत नाही, पातळ धातू साच्यात जातो आणि गार होतो. हा फरक भिंगाखाली दिसतो.

अक्षराचा पाय बघा, म्हणजे अक्षर जिथं सपाट जमिनीला मिळतं ती रेघ. पाडलेल्यात हा कोपरा तीक्ष्ण असतो, नाणं झिजलं असलं तरी पायाशी कुठंतरी तीक्ष्णपणा शिल्लक राहतो कारण झीज वरून होते, पायाशी पोचत नाही. ओतलेल्यात अक्षर वरून पण गोल आणि पायाशी पण गोल, आंघोळ करून करून झिजलेल्या साबणावर अक्षर कसं दिसतं तसं. मग सपाट भाग बघा, ओतलेल्यात बारीक बारीक गोल खड्डे असतात टाचणीच्या टोकाएवढे, आणि कधीकधी गोल पुळ्या वर आलेल्या असतात. जमिनीतल्या गंजानं पण खड्डे पडतात पण ते वेडेवाकडे, एकमेकात मिसळलेले, कडा कुरतडलेल्या. बुडबुड्याचा खड्डा गोल आणि गुळगुळीत.

नंतर कड. शिवराईची कड म्हणजे तिची जन्मपत्रिका. घावानं कडेला चिरा पडतात, आतून बाहेर फाटल्यासारख्या, रुंद तोंडाच्या आणि आत निमुळत्या होत जाणाऱ्या. तुकडा कापल्याची खूण एखाद्या बाजूला राहते. ओतलेल्या नाण्याच्या कडेवर मधोमध एक बारीक शिवण फिरते, दोन साचे जोडले तिथली, आणि ती लपवायला कानस मारलेली असते, कानशीच्या समांतर रेघा भिंगात स्वच्छ दिसतात. कडेवर चिरेची नक्कल आली असली तरी तिच्यात खोली नसते, नुसती चिरेची सावली.

आता सगळ्यात पक्की खूण सांगतो, ही मला त्याच परभणीच्या काकांनी शिकवली. एका ठशातून शेकडो नाणी निघतात म्हणून दोन नाण्यांची अक्षरं हुबेहूब जुळली तर चांगलंच. पण तुकड्याचा आकार, मधेच सरकलेला ठसा, कडेची चीर, श्री च्या शेजारचा खड्डा हे सगळं दोन नाण्यात सारखं कधीच येत नाही, प्रत्येक तुकडा वेगळा, प्रत्येक घाव वेगळा. तेच खड्डे, तीच चीर, तसाच वाकडा आकार दोन नाण्यात दिसला तर दोन्हीपैकी किमान एक ओतलेलं आहे, बहुतेक दोन्ही. म्हणून विकणाऱ्याकडं एकच नाणं बघून घेऊ नका, "अजून असतील तर दाखवा काका" म्हणा आणि पाच-सहा शेजारी शेजारी मांडून बघा. मी एका आठवडी बाजारात असंच केलं तर सातपैकी चार नाण्यांचं वरचं उजवं टोक एकाच जागी तुटलेलं निघालं.

मजकुरातनं काय कळतं

शिवराईचा ठसा नाण्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असायचा. त्यामुळं पूर्ण मजकूर आणि भोवतीच्या ठिपक्यांचं पूर्ण वर्तुळ एकाच नाण्यावर सापडणं फार दुर्मिळ. कुठं श्री अर्धा बाहेर गेलेला, कुठं पति चा ति नाही. सगळी अक्षरं, दोन्ही बाजूचं पूर्ण वर्तुळ, आणि अक्षरं अशी सुबक की पत्रिकेवर छापल्यासारखी, असं नाणं दिसलं तर ते बहुतेक आजकाल आठवण म्हणून बनवतात त्यातलं असतं. ती बनवण्यात काही गैर नाही, लोक प्रेमानं घेतात, पण तीच नाणी कुणीतरी ॲसिडमधे काळी करून जुनी म्हणून विकतो तेव्हा ते पाप आहे.

शुद्धलेखन बघून घाबरू नका. शिव, सिव, सीव, शीव, पति, पती सगळं सापडतं, ठसा खोदणारा कारागीर होता, पंडित नव्हता. काहींवर चंद्रकोर, फूल, ठिपके अशा खुणा पण असतात, आणि यातूनच प्रकार ठरतात, संग्राहक लोक यावरच रात्री जागवतात.

शंभू किंवा शाहू नावाच्या शिवराया पण आहेत आणि त्या शिव पेक्षा कितीतरी कमी मिळतात. म्हणूनच त्यात लबाडी होते, साध्या झिजलेल्या शिवराईवर बारीक छिन्नीनं अक्षर बदलतात. टॉर्च टेबलाला जवळजवळ आडवी धरून तिरपा उजेड टाका. अक्षराच्या भोवतीची जमीन तेवढ्याच ठिकाणी खोल गेलेली, तिथं रेघोट्या, आणि त्या रेघोट्यांचा रंग बाकी नाण्यापेक्षा वेगळा असेल तर अक्षर नंतर कोरलंय. खऱ्या अक्षरावर आणि त्याच्या शेजारच्या जमिनीवर काळाचा एकच रंग चढलेला असतो.

कातडी, म्हणजे वरचा रंग

हातोहात फिरलेल्या आणि घरात राहिलेल्या शिवराईचा रंग गडद चॉकलेटी, जवळजवळ काळा. जमिनीतून आलेलीवर खाली लालसर-विटकरी थर आणि त्याच्यावर हिरवा थर, दोन्ही दगडासारखे घट्ट. आपली काळी माती चुनखडीची, तिच्यातून निघालेल्या नाण्यावर पांढरट खरखरीत पुटं पण असतात, नखानं निघत नाहीत.

खोट्याचा हिरवा रंग वेगळा ओळखू येतो, सगळीकडं एकसारखा, खोलगट जागी गोळा झालेला आणि वरच्या अक्षरावर अजिबात नाही, किंवा रंगाखाली थेट चकचकीत तांबं. कापसाच्या बोळ्यावर शुद्ध ॲसिटोन घेऊन एका कोपऱ्यात लावा, रंग आणि आजकालच्या गोंदानं चिकटवलेली माती बहुतेक सुटून येते, खरा थर हलत पण नाही. "कालच नांगरताना निघालं मालक" असं सांगून ओली माती लावलेली नाणी मी स्वतः बघितली, माती लाल होती आणि गाव सगळं काळ्या रानाचं.

एक रोग पण असतो, तो ओळखायला शिका. फिकट हिरवी, भुकटीसारखी पुळी, काडी लावली की झडते आणि खाली खड्डा. धातूत क्लोराइड अडकलेलं असतं, दमट हवा लागली की आम्ल तयार होऊन तांबं खात राहतं, पावसाळ्यात जास्त. असं नाणं बाकीच्यापासून आधी वेगळं करा.

कंडिशन कशी ठरवायची

झीज आणि कच्चा ठसा, या दोन्हीत लोक फार गोंधळ करतात. एखाद्या शिवराईवर राजा नीट दिसत नाही, तर तो झिजला का मुळात उमटलाच नाही? झिजलेला असेल तर ती जागा गुळगुळीत, चमकदार, आणि शेजारची उंच अक्षरं पण तेवढीच बसलेली. उमटलाच नसेल तर तिथं मूळ तुकड्याचा खडबडीतपणा, हातोडीच्या खुणा दिसतात, आणि शेजारचं श्री मात्र कडक उभं. दुसऱ्या प्रकारचं नाणं कमी वापरलेलं आहे, मला ते जास्त आवडतं, भाव मात्र दोघांनाही थोडा कमीच मिळतो कारण घेणाऱ्याला अक्षर पाहिजे.

मी स्वतः या क्रमानं बघतो. किती मजकूर नाण्यावर आहे, तो मधोमध आहे का एका बाजूला सरकलाय, झीज किती, कातडी शाबूत आहे का, आणि शेवटी जखमा. जखमा म्हणजे भोक (पोरांच्या करदोट्यात किंवा गळ्यात बांधायला पाडलेलं), कडी डाखलेली खूण, धातू तपासायला मारलेला छिन्नीचा घाव, आणि घासणं. जुन्या भोकाच्या आतल्या भिंतीला पण काळा रंग चढलेला असतो, त्याचं मला वाईट वाटत नाही, कुणाच्या तरी लेकराच्या गळ्यात होतं ते. घासलेलं नाणं मात्र तिरप्या उजेडात लगेच कळतं, सगळीकडं केसासारख्या समांतर रेघा आणि रंग तांब्याच्या नव्या पाइपासारखा गुलाबी-नारिंगी. काही वर्षांनी ते परत काळं पडतं पण रेघा जात नाहीत.

अगदीच मळ असेल तर

डिस्टिल्ड वॉटर घ्या, नळाचं नको. काचेच्या वाटीत नाणं बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, दोन आठवडे, महिना, जेवढं लागेल तेवढं. मऊ झालेली माती बाभळीच्या काट्यानं भिंगाखाली हळूहळू काढा, बाभळीचा काटा कडक असतो पण तांब्याला ओरखडा पाडत नाही, मी सुई कधीच वापरत नाही. अक्षर वाचता आलं की थांबायचं, हिरवा-काळा थर काढायचा नाही. मग पूर्ण वाळवा, एक दिवस तसंच राहू द्या.

ठेवताना मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातलं पीव्हीसी तांब्यावर हिरवा चिकट थर आणतं. जाड कागदाची पाकिटं, हवाबंद डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात पुड्या बदलायच्या.

विकायचं, घ्यायचं, सांगायचं

मोबाईलवर जुन्या नाण्याला लाखो रुपये असे व्हिडिओ फिरतात आणि मग रजिस्ट्रेशन फी, टॅक्स म्हणून आधी पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मधे जाहीर सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात बँक पडत नाही, कुणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचे असेच पैसे गेले, नाणं घरातच राहिलं. आधी पैसे मागितले की फोन ठेवून द्या.

रानात गाडगं निघालं तर गोष्ट वेगळी. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयापेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तहसीलमधे अर्ज द्या, पोच घ्या, आणि तोपर्यंत गाडग्यातली नाणी वेगळी करू नका, कारण कोणतं नाणं कोणासोबत होतं यावरूनच त्याचा काळ ठरतो. आणि शंभर वर्षापेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, ते परदेशात पाठवता येत नाही, भाच्याला अमेरिकेत भेट म्हणून पण नाही.

अडलात तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथं नाणी बघून डोळा तयार होतो. जवळ म्हणजे तेरचं लामतुरे संग्रहालय, तिथं सातवाहनांच्या काळातली नाणी बघायला मिळतात, शिवराईशी त्यांचा संबंध नाही पण दोन हजार वर्ष जमिनीत राहिलेल्या धातूची कातडी कशी असते ते एकदा बघून ठेवा, बनावट हिरवा रंग मग डोळ्याला टोचतो. खोट्या नाण्याची गोष्ट आपल्या भागाला नवी पण नाही. मुहम्मद तुघलकानं १३२९ च्या सुमारास टंका नावाच्या चांदीच्या नाण्याच्या किमतीचं पितळ-तांब्याचं नाणं काढलं, ते आपल्या दौलताबादला पण पाडलं जायचं, आणि लोकांनी घरोघरी नकला केल्या म्हणून तीनेक वर्षात ते मागं घ्यावं लागलं.

शेवटचं काम म्हणजे प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर पेन्सिलनं लिहून ठेवणं. वजन, दोन्ही बाजूंचा व्यास, पाण्यातला आकडा, कोणती अक्षरं दिसतात, दुदांडी का नाही, कुठून मिळालं, कोणी दिलं, आणि त्याला आपण काय केलं ते सुद्धा. आज्जीच्या तिन्ही शिवराया माझ्याकडंच आहेत, त्यातली एक दुदांडी आहे. पाकिटावर लिहिलंय: देवघरातली, आज्जीची, चिंचेनं घासलेली.